वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि पायाचा रक्तपुरवठा

पावसाळा लागला की नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून पायांविषयीची पत्रे वाढतात. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, ओल्या चपलेने घासलेली कातडी, बागेत टोचलेले काटे ही त्यांची नेहमीची कारणे. या वेळी मधुमेही व्यक्तींच्या पायाच्या रक्तपुरवठ्याविषयीची पत्रे निवडली असून ती जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. पत्रावरून दिलेले उत्तर प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे. चपलेचा पट्टा घासून उजव्या पायाच्या करंगळीला झालेली जखम पाच आठवडे उलटले तरी भरत नाही. दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे आणि साखरही आटोक्यात आहे. रक्तपुरवठ्याची तपासणी केली, तेव्हा उजव्या पायाचा एबीआय १.५ आला आणि 'एकपेक्षा जास्त आहे, म्हणजे रक्तपुरवठा उत्तम' असे आम्हाला सांगण्यात आले. पाय हाताला गरम लागतो आणि चालताना पोटऱ्याही दुखत नाहीत. मग जखम का भरत नाही? (रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.)
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपण प्रत पाठवली हे बरे झाले. तिच्यात दंडाचा वरचा रक्तदाब १४० आणि घोट्याचा २१० नोंदवलेला आहे. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागले की एबीआय मिळतो, म्हणून तो १.५ आला. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण ०.९ ते १.३ या दरम्यान असते. ते ०.९ च्या खाली गेले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे मानतात, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु ते १.३ च्या वर गेले तरी ती चांगली खूण नव्हे, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते.

या तपासणीत घोट्याभोवती पट्टा बांधून त्यात हवा भरतात आणि धमनीतला प्रवाह कोणत्या दाबाला थांबतो ते पाहतात. दीर्घकाळच्या मधुमेहात, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार किंवा मज्जातंतूंचा बधिरपणाही जोडीला असेल तर, धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती कडक होते. रबरी नळी बोटांनी दाबली की पाणी थांबते. लोखंडी पाइप कितीही दाबला तरी थांबत नाही, आणि त्या पाइपात गंज किती साचला आहे हेही दाबून कळत नाही. आपल्या वडिलांच्या घोट्याचा २१० हा आकडा रक्ताच्या जोराचा नसून धमनीच्या कडकपणाचा आहे. याहून फसवा प्रकार म्हणजे धमनी अरुंदही आहे आणि कडकही आहे, अशा पायात दोन्ही दोष एकमेकांना झाकतात आणि एबीआय १.०५ किंवा १.१ असा निर्दोष दिसणारा येतो. म्हणून मधुमेही व्यक्तीच्या पायाला जखम असताना केवळ एबीआयवर विसंबून 'रक्तपुरवठा चांगला' असा शेरा देणे मला मान्य नाही.

यावर उपाय साधा आहे. पायाच्या अंगठ्यातल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथला रक्तदाब मोजतात. त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागले असता ०.७ किंवा त्याहून अधिक आले, तर धमन्यांचा मोठा आजार असण्याची शक्यता कमी होते. समजा, आपल्या वडिलांच्या अंगठ्याचा दाब ४२ आला, तर गुणोत्तर ०.३ होईल आणि त्याच पायाविषयीचे मत पूर्ण उलटे होईल. हा दाब ३० मिलिमीटरच्या खाली, किंवा घोट्याचा दाब ५० च्या खाली असेल, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनना, तातडीने दाखवावे लागते. ३० च्या वरचा दाब जखम भरण्याची शक्यता वाढवतो, पण हमी देत नाही. काही ठिकाणी त्वचेवर छोटा संवेदक चिकटवून तिथला प्राणवायूही मोजतात. तो २५ च्या वर असणे अनुकूल समजले जाते.

अंगठ्याचा दाब मोजण्याचे साधन जवळ नसेल, तर हातात धरायच्या डॉपलर यंत्राने पायाच्या धमन्यांचा आवाज ऐकून आणि लहरीचा आलेख पाहूनही पुष्कळ कळते. रिपोर्टवर 'ट्रायफेजिक' किंवा 'बायफेजिक' लिहिले असेल तर ते दिलासादायक असते. 'मोनोफेजिक' म्हणजे एकाच सुरातला, मंद, लांबलेला प्रवाह. तसे लिहिले असेल तर वर कुठेतरी अडथळा आहे असे धरून चालावे. आपल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर उजव्या घोट्याच्या मागील धमनीपुढे बारीक अक्षरांत नेमका हाच शब्द छापलेला आहे. पहिल्या पानावरचा १.५ मोठ्या अक्षरांत असल्यामुळे सर्वांची नजर तिथेच थांबली असावी.

पाय गरम लागतो, याने समाधान मानू नये. मधुमेहात त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणारे मज्जातंतूही बिघडतात आणि रक्त पेशींपर्यंत न जाता जवळच्या वाटेने शिरांमध्ये परतते. असा पाय कोरडा, गरम, शिरा फुगलेला दिसतो, पण जखमेला हवे तितके रक्त मिळतेच असे नाही. पोटऱ्या दुखत नाहीत याचेही कारण तेच असू शकते, कारण दुखणे जाणवण्यासाठी मज्जातंतू शाबूत असावे लागतात. शिवाय घरातल्या घरात चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांवर दुखण्याइतका ताणच येत नाही.

मधुमेही पायावर काम करणारा आंतरराष्ट्रीय कार्यगट आणि युरोप-अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटना यांनी २०२३ साली एकत्रितपणे ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांचा रोखही असाच आहे. योग्य उपचार चालू असूनही जखम चार ते सहा आठवड्यांत सुधारत नसेल, तर आधीच्या तपासण्या काहीही सांगत असल्या तरी धमन्यांचे चित्रण करण्याचा विचार करावा. आपले पाच आठवडे झाले आहेत. ड्रेसिंग बदलून आणखी महिनाभर वाट पाहण्याऐवजी याच आठवड्यात अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा आणि कलर डॉपलर, म्हणजे धमन्यांची सोनोग्राफी, करून व्हॅस्क्युलर सर्जनना भेटावे. करंगळीच्या हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला आहे का, हे पाहण्यासाठी एक्स-रेही काढावा. आणि ती चपल वडिलांनी पुन्हा घालू नये, हे सांगायला नकोच.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर बागेत पडलेली काडी माझ्या यजमानांच्या डाव्या पायाला टोचली आणि आता दुसरे बोट पूर्ण काळे पडून सुकले आहे. वास किंवा ताप नाही. त्यांचे वय ५७ असून मधुमेह १४ वर्षांपासून आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) १.८ आहे. 'मधुमेहात बारीक नसा बंद होतात, त्याला इलाज नसतो, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल आणि अँजिओग्राफी केली तर किडनी जाईल' असे आम्हाला सांगितले आहे. आम्ही काय करावे?
— एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : प्रथम तातडीचे सांगतो. बोटाला वास येऊ लागला, पू आला, पाऊल सुजले, लाली घोट्याकडे चढू लागली, थंडी वाजून ताप आला किंवा साखर एकाएकी वाढली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. ओले गँगरीन, म्हणजे जंतुसंसर्गाने सडू लागलेला भाग, काही तासांत पसरू शकते. अशा वेळी आधी पू मोकळा करून, सडलेला भाग काढून जंतुसंसर्ग आवरावा लागतो आणि त्यानंतर लगेच रक्तपुरवठ्याकडे वळावे लागते. आपल्या पत्रावरून बोट सध्या कोरडे दिसते, त्यामुळे नीट तपासणी करायला थोडा अवधी आहे; मात्र तो आठवड्यांचा नाही, दिवसांचा आहे असे समजावे.

आता 'बारीक नसा' या समजुतीविषयी. मधुमेहात अगदी सूक्ष्म रक्तवाहिन्या गच्च बंद होतात आणि म्हणून काही करता येत नाही, ही कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढून टाकलेल्या पायांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवरून रुजली. पुढच्या अभ्यासांत तिला आधार मिळाला नाही आणि १९८४ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने ती चूक असल्याचे स्पष्ट शब्दांत छापले. चाळीस वर्षे उलटली, तरी ती आपल्याकडे अजून ऐकू येते, आणि तिच्यापायी वाचू शकले असते असे पाय गेलेले आहेत. प्रत्यक्षात मधुमेहात प्रामुख्याने गुडघा ते घोटा या भागातल्या तीन धमन्या बंद होतात आणि त्यांच्या पुढची पावलातली धमनी पुष्कळदा उघडी सापडते. ती उघडी असेल तर तिच्यापर्यंत रक्त पोहोचवण्याचा प्रयत्न करता येतो.

हा प्रयत्न दोन मार्गांनी होतो. जांघेतून किंवा क्वचित पावलाकडून बारीक तार घालून, फुगा फुगवून धमनी रुंद करणे ही अँजिओप्लास्टी. आणि रुग्णाच्याच पायातली शीर काढून बंद भागाला वळसा घालणे ही बायपास. अँजिओप्लास्टीची सुरुवातच अशा पायापासून झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. १९६४ साली अमेरिकेतील ओरेगॉन येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या मांडीतली अरुंद धमनी अशा रीतीने प्रथम रुंद केली. तिच्या बोटांना गँगरीन झाले होते, शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि तिने तो साफ नाकारला होता. तिचा पाय वाचला. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ मध्ये, झाली.

दोहोंपैकी कोणता मार्ग चांगला, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. २०२२ साली निष्कर्ष आलेल्या एका मोठ्या चाचणीत, पायातली शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरली. २०२३ मधल्या दुसऱ्या चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी अँजिओप्लास्टी केलेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली राहिली. म्हणून शिरेची अवस्था, हृदयाची ताकद, जखमेची जागा आणि त्या रुग्णालयातला हातखंडा पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. गुडघ्याखाली फुग्याने उघडलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकते, हे आपल्याला आधीच सांगितलेले बरे. तरीही ती खटपट वाया गेली असे होत नाही, कारण धड कातडी टिकवायला जितके रक्त लागते त्याच्या कितीतरी अधिक रक्त जखम भरून येण्यासाठी लागते, आणि तेवढ्या काळात जखम भरली तर हेतू साधतो.

मूत्रपिंडाची काळजी रास्त आहे, पण तेवढ्यावरून तपासणी नाकारू नये. कलर डॉपलरला डाय, म्हणजे अँजिओग्राफीत धमन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रव्य, लागतच नाही. चांगल्या डॉपलरवरून नेमका भाग ठरवून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी एकाच बैठकीत, अगदी थोड्या डायवर करता येतात; काही केंद्रांत मांडीपर्यंतच्या भागासाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरतात. आधी शिरेतून सलाइन देणे, वेदनाशामक गोळ्या थांबवणे, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास ती कधी थांबवायची हे विचारणे आणि नंतर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासणे, एवढे पाळावे.

काळे बोट काढायचे झाले, तरी रक्तपुरवठा सुधारल्यानंतरच काढावे, अन्यथा त्या कापाची जखमही भरत नाही आणि एका बोटावरून दुसऱ्यावर, तिथून चवड्यावर असा प्रवास सुरू होतो. पाय काढण्याचा सल्ला नेहमीच चुकीचा असतो असे माझे म्हणणे नाही. टाचेसह पाऊल नासले असेल, जंतुसंसर्ग जिवावर बेतला असेल किंवा रुग्ण आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला असेल, तर तो सल्ला योग्य आणि दयाळूही असू शकतो. आपल्या यजमानांच्या बाबतीत मात्र एक बोट काळे आहे आणि धमन्यांचे चित्र कोणी पाहिलेलेच नाही. 'कोणती धमनी कुठे बंद आहे ते आम्हाला चित्रावर दाखवा' असे नम्रपणे, पण ठामपणे विचारा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तिचा पायाशी काय संबंध?
— एक आजी, दिंडोरी

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आजी. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते, धमन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. पायाच्या धमन्यांविषयी विडी-सिगारेटविरुद्ध जितका भक्कम पुरावा आहे तितका मिश्रीविरुद्ध नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचे कारण एकटेच पुरेसे आहे. घरात कोणी विडी ओढत असेल, तर त्यांनाही हे उत्तर वाचून दाखवावे.

प्रश्न : माझे वय ५९, मधुमेह ११ वर्षांपासून. दहा मिनिटे चालले की डावी पोटरी आवळल्यासारखी होते आणि उभा राहिलो की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करण्याचा नवस आहे. चालणे बंद करावे की वाढवावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे धमनीच्या अडथळ्याची आहेत. रात्री झोपेत येणारे गोळे वेगळे. कंबरेच्या मणक्यातून येणारे दुखणेही वेगळे, ते उभे राहून जात नाही, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर जाते. आपल्या एबीआयची तपासणी विश्रांतीत ठीक आली, तर ती चालून झाल्यावर लगेच पुन्हा करावी.

पावलावर जखम नसेल तर चालणे वाढवावे. या आजारात पद्धतशीर चालणे हाच पहिल्या क्रमांकाचा उपचार आहे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे ओसरले की पुन्हा चालायचे, असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि सलग तीन महिने करावे. दुखू लागताच घरी परतणाऱ्यांना याचा लाभ होत नाही. सुरुवातीला गोदाकाठाऐवजी सपाट जॉगिंग ट्रॅक निवडावा, कारण पायऱ्या आणि ओले दगड नकोत. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पायाच्या धमन्या अरुंद असणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा निर्दोष नसतात.

फेरीविषयी मात्र स्पष्ट लिहितो. सुमारे वीस किलोमीटर, पावसात, पुष्कळदा रात्रीच्या अंधारात, चिखल आणि खडीतून अनवाणी चालणे आपल्यासाठी धोक्याचे आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. तो धागा आपल्याला जाणवत नसेल, तर रुतलेली खडीही जाणवणार नाही. तळव्याची जखम आणि कमी रक्तपुरवठा एकत्र आले की काय होते, ते वरच्या पत्रात आलेच आहे. नवस कसा फेडावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. यंदा त्र्यंबकेश्वरी वाहनाने जाऊन दर्शन घ्यावे आणि फेरीचे पुढच्या वर्षी, बंद बूट घालून, पाहावे एवढेच सुचवतो.

प्रश्न : पायात रक्त खेळते राहावे म्हणून आई रोज तेल चोळते, गरम पाण्यात पाय बुडवून बसते आणि औषधाच्या दुकानातून मिळालेली सिलोस्टाझोल घेते. सूज येते म्हणून घट्ट मोजेही आणले आहेत. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घट्ट मोजे सर्वांत आधी काढून ठेवावेत. ते शिरांच्या सुजेसाठी असतात. धमन्या अरुंद असलेल्या पायावर ते आधीच कमी असलेला दाब आणखी दाबून टाकतात आणि बोटे काळी पडू शकतात. रक्तपुरवठा मोजल्यावाचून कोणत्याही मधुमेही व्यक्तीने ते वापरू नयेत.

सिलोस्टाझोलने काहींचे चालण्याचे अंतर वाढते, पण हृदयाची पंपिंगची ताकद कमी असेल तर ती मुळीच चालत नाही, आणि सुजलेले पाय हे त्याचेच लक्षण असू शकते. आईंच्या हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंत ही गोळी पुढे चालू ठेवावी की नाही, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारावे. अडथळा सिद्ध झाल्यावर बहुतेकांना लागतात त्या गोळ्या म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एक. त्यांचा मुख्य उपयोग हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी आहे, बंद धमनी त्यांनी उघडत नाही.

तेल हलक्या हाताने, तळव्याला आणि टाचेच्या भेगांना लावायला हरकत नाही. बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून चिखल्या होतात. गरम पाणी आणि हिवाळ्यातली शेगडी दोन्ही बंद करावीत, कारण बधिर पायाला पोळल्याचे कळत नाही आणि तो फोड भरायला पुरेसे रक्त नसते. पाय गार पडत असतील तर सैल लोकरी मोजे घालावेत.

प्रश्न : पायाची नाडी घरी पाहता येते का?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : येते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलल्यावर उठून दिसणाऱ्या स्नायुबंधाच्या किंचित बाहेर, तीन बोटांची टोके अलगद टेकवावीत. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मधोमध आहे. स्वतःचा अंगठा वापरू नये, कारण त्यातली स्वतःचीच नाडी लागते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही सापडत नाही. पण घोट्यामागची सापडली नाही, किंवा एका पायात लागते आणि दुसऱ्यात लागत नाही असे झाले, तर डॉपलर करून घ्यावे. दोन्ही नाड्या लागल्या तरी पायाला जखम असेल, तर अंगठ्याचा दाब मोजणे टाळू नये.